स्टाफ मोजायचा नसतो

टोटलने चौथा कागद फाडला तेव्हा बायको आतून ओरडली, "अहो, आठवणी लिहिताय की कागद फाडायची नवी नोकरी लागलीय?"

टोटल नऊ वर्षं बसमध्ये कंडक्टर, मग एकोणतीस वर्षं विमानतळावर. जन्म सगळा लोकांना चढवण्यात आणि उतरवण्यात गेला, आणि आता त्यावर दोन पानं लिहायची तर पेन हलेना. निवृत्त लोकांची संघटना स्मरणिका काढत होती. विमानतळ नवा झाला तेव्हा अर्धा बस डेपो तिकडे नोकरीला गेला होता, त्यामुळे बसवाले आणि विमानवाले एकाच संघटनेत बसून चहा पीत आणि एकमेकांची उणीदुणी काढत. "प्रत्येकाने दोन पानं," असं फर्मान टाइमकीपरने काढलं होतं. हा टाइमकीपर पूर्वी डेपोच्या गेटवर बसून गाड्यांच्या आणि माणसांच्या वेळा लिहायचा. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी लोकांना वेळेवर हजर करायची त्याची खोड गेली नव्हती.

"हलकंफुलकं लिही रे," तो टोटलला म्हणाला होता. "तुझी ती विमानाची गोष्ट लिही. लोक हसून हसून आडवे होतील."

ती गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती. विमानतळावर टोटलचं काम काय, तर विमानाच्या दारात उभं राहून माणसं मोजायची. यादीत एकशे सेहेचाळीस प्रवासी, तर आत एकशे सेहेचाळीसच गेले पाहिजेत. एका दुपारी हा पठ्ठ्या दार लावायच्या वेळी आत घुसला, पुढून मागे सगळी डोकी मोजली, पायलटच्या केबिनमध्येही डोकावला आणि जाहीर करून मोकळा झाला: पायलट आणि विमानातल्या मुली धरून एक डोकं जास्त आहे. झालं! पायलटचा चेहरा लाल, प्रवासी घड्याळं बघताहेत, आणि हा बाबा मधल्या वाटेने बोट नाचवत तिसऱ्यांदा मोजतोय. शेवटी कळलं, केबिनमधल्या जादा सीटवर कंपनीचाच एक मेकॅनिक बसला होता. सुट्टी काढून घरी चालला होता बिचारा.

"अहो, तो स्टाफ आहे," विमानातली मुलगी म्हणाली. "स्टाफ मोजायचा नसतो."

त्यावर हा गरजला, "का? स्टाफ माणूस नसतो? विमान पडलं तर तो एकटा वर राहणार आहे काय?"

'पडलं तर' हे शब्द पहिल्या सहा रांगांनी ऐकले. एक बाई हुंदके देऊन रडायला लागली. मेकॅनिकचं नाव यादीत हाताने लिहून घेईपर्यंत याने दार लावू दिलं नाही. विमान चाळीस मिनिटं उशिरा सुटलं, याला वरून लेखी समज मिळाली, आणि त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं टोटल. पुढे बायकोसुद्धा हसत हसत त्याला तेच म्हणू लागली. हसले सगळे. पण एका डोक्यासाठी या माणसाने नोकरी का पणाला लावली, हे विचारायची बुद्धी कुणाला झाली नाही.

पाचवा कागद समोर घेतला तेवढ्यात टाइमकीपर स्वतःच दारात उभा. हातात फाइल.

"झालं का लिहून? नाही ना? मला माहीतच होतं. ते जाऊ दे, दुसरंच काम आहे. स्मरणिकेच्या शेवटी 'आपल्यातून गेलेले' अशी यादी टाकतोय. सत्तावन्न नावं झालीत. गुरुवारी छापायला जाणार. एकच नाव अडलंय. आपला पाना."

टोटलच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

पाना म्हणजे वर्कशॉपमधला फिटर. मागच्या खिशात कायम एक पाना खुपसलेला, म्हणून तेच नाव. चौतीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी सहा वाजता हा कामावरून सुटला आणि त्यानंतर कुणाच्याच दृष्टीला पडला नाही, असं डेपोच्या वहीत होतं. वही लिहिणारा समोरच बसला होता.

"मी म्हटलं, इतकी वर्षं झाली, माणूस आता कुठला जिवंत असायला," टाइमकीपर सांगत होता. "तरी विचारलेलं बरं म्हणून कसाबसा पत्ता काढून त्याच्या बायकोकडे गेलो. म्हटलं, वहिनी, घालू का यादीत? तर काय म्हणाली, माहितीय? म्हणाली, मेलेल्यांच्या यादीत नको. पळालेल्यांची यादी काढाल तेव्हा त्याचं नाव सगळ्यात वर घाला!" टाइमकीपरने मांडीवर थाप मारली. "बाई अजून तशीच तिखट आहे. पण तिचंही बरोबरच आहे म्हणा. भांडून माहेरी गेली, हा न्यायला येईल म्हणून बसली, आणि हा तिसरीकडेच पसार. लेकीलाही तेच सांगत वाढवलं तिने, तुझा बाप पळपुटा होता म्हणून. तुझी तर दोस्ती होती ना रे त्याच्याशी?"

"होती," टोटल म्हणाला.

"मग? कधी बोलला नव्हता तो? दुसरी कोणी बाई वगैरे?"

"नाही."

"कुत्रासुद्धा घर सोडताना मागे वळून बघतो," टाइमकीपर म्हणाला आणि फाइल घेऊन उठला. "चल. दोन पानं गुरुवारच्या आत. विमानाची गोष्ट."

तो गेला आणि टोटल खुर्चीत तसाच बसून राहिला. पाना पळाला नव्हता. हे या जगात एकट्या टोटलला माहीत होतं, आणि चौतीस वर्षं तो मूग गिळून बसला होता.

त्या दिवशी दुपारी अडीचची गाडी टोटलकडे होती. डेपोपासून जलाशयाच्या काठाने पलीकडच्या गावाला जाणारी, साडेचारला तिथल्या स्टँडवर पोचणारी. पाना गेटवर चढला नाही. गेटच्या पुढच्या वळणावर, झाडाखाली हात करून उभा होता. त्याची ड्यूटी सहापर्यंत, आणि हा भरदुपारी सटकलेला. वर्कशॉपमध्ये प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला असे. आलं की फळीवर अडकवायचा, सुटलं की काढायचा, आणि फळी बघून टाइमकीपर वेळ लिहायचा. कुणाला लवकर पळायचं असलं की मागे राहिलेला दोस्त सहाला त्याचाही बिल्ला काढून घ्यायचा. सगळेच करत. पान्याचा बिल्ला त्या संध्याकाळी कुणी काढला, ते त्या माणसाने पुढे कधीच कबूल केलं नाही. म्हणजे तोंड शिवून बसलेला टोटल एकटाच नव्हता, पण त्याचा इथे काय उपयोग!

स्टाफचा माणूस, तो ड्रायव्हरच्या केबिनमध्येच बसणार. त्याला तिकीट नाही. तिकीट नाही म्हणजे वेबिलवर नोंद नाही. वेबिल म्हणजे कंडक्टर ज्यावर तिकिटं मांडतो तो कागद. वाटेत तपासनीस चढला आणि "किती?" म्हणाला की कंडक्टरने वेबिलकडे बघायचं आणि आकडा सांगायचा. केबिनमधल्या दोस्ताकडे तपासनीसही बघत नसे. स्टाफ मोजायचा नसतो, हे टोटलला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

"कुठे स्वारी?" टोटलने विचारलं.

"बायकोला आणायला," पाना म्हणाला. चेहरा परीक्षा पास झालेल्या पोरासारखा. "वर्षभर घरचा नळ टपटपतोय. डेपोतल्या सगळ्या गाड्यांची गळती मी काढतो आणि घरच्या नळाला हात लावायला मला सवड नाही. त्या आवाजाने पोरगी झोपेना, त्यावरून कडाक्याचं वाजलं. ही म्हणाली, नळ बंद झाला की मगच न्यायला या, तोवर तोंड दाखवू नका. गेली निघून, पोरीला घेऊन."

"मग?"

"मग काय, झक मारत केला. आज सकाळीच. हा बघ पुरावा." त्याने कागदात गुंडाळलेला जुना वायसर काढला. काळं रबर, मधोमध झिजून चीर गेलेली. "हा तिच्या हातावर ठेवल्याशिवाय तिला खरं वाटायचं नाही. तुझ्या बॅगेत ठेव रे, माझ्या खिशाला भोक पडलंय. उतरताना आठवणीने दे."

ड्रायव्हर हसला, म्हणाला, "बायकोला भेट म्हणून वायसर नेणारा तू पहिलाच." पानाही हसला. टोटलने तो वायसर चामडी बॅगेत टाकला आणि डबल बेल मारली.

जलाशयाच्या काठावर रस्त्याचं काम चाललं होतं, एकच बाजू चालू. समोरून भरलेला ट्रक आला. ट्रकला मागे जाता येईना, तेव्हा बसने मागे जायचं ठरलं. गाडी मागे घ्यायची तर कंडक्टरने उतरून शिट्टी द्यायची, हा नियम. टोटल उतरला. बॅग खांद्याला, शिट्टी तोंडात. येऊ दे, येऊ दे. मागचं चाक कडेजवळ आलं तेव्हा त्याने थांबायची शिट्टी मारली, आणि ड्रायव्हरने ब्रेक लावलाही. पण खालची भराव घातलेली माती नवी होती. ती सरकली. गाडी आधी मागे बसल्यासारखी झाली, मग आडवी झाली आणि पाण्यात गेली. ओरडायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

ट्रकवाले, रस्त्यावरचे मजूर, सगळ्यांनी उड्या घेतल्या. खिडक्यांतून एकोणीस माणसं जिवंत काढली. मग पाणबुडे आले, दोर आले, एक अधिकारी आला. टोटल कुणीतरी दिलेल्या घोंगडीत बसून थरथरत होता.

"गाडीत एकूण किती होते?" अधिकाऱ्याने विचारलं.

टोटलने बॅगेतून वेबिल काढलं. त्याच्याकडे बघितलं. म्हणाला, "एकोणतीस. आणि ड्रायव्हर. तीस."

"नक्की?"

"नक्की."

तो मुद्दाम खोटं बोलला नाही, एवढं तरी इथे सांगितलं पाहिजे. नऊ वर्षं "किती?" म्हटलं की जे उत्तर तोंडातून यायचं तेच आलं. शुद्धीवर कुठे होता तो! अधिकाऱ्याने कागदावर तीस लिहून खाली रेघ मारली, आणि त्या रेघेच्या वरती एकेक माणूस मांडला जाऊ लागला. एकोणीस आणि एक वीस. एकवीस. पंचवीस. सगळ्यात शेवटी ड्रायव्हर वर आला, स्टिअरिंगमध्ये अडकला होता. तीस झाले. अधिकारी म्हणाला, "टोटल जुळली." पाणबुडे काठावर बसून अंगावरचं सामान उतरवू लागले. अजून चांगला तासभर उजेड होता.

टोटल वेबिल परत बॅगेत ठेवत होता तेव्हा बोटांना तो वायसर लागला.

तो उठला. तोंड उघडलं. समोर दहा पावलांवर एक पाणबुड्या दोर गुंडाळत होता. आणि टोटलच्या डोक्यात सगळं एकदम शिरलं: मधल्या वळणावरून फुकट चढवलेला माणूस, तोही ड्यूटीवरचा, आकडा चुकीचा दिलेला, आणि शिट्टी कुणाची, तर माझी. नोकरी जाईल. आत टाकतील. आणि तो तर गेलाच असेल आता. पुढच्या श्वासाला सांगू, त्याच्या पुढच्या श्वासाला सांगू, असं करत तो उभा राहिला, आणि पाणबुड्यांची गाडी सुरू होऊन निघून गेली.

जलाशय खोल होता. तळाशी पाण्याखाली गेलेलं जुनं गाव होतं, झाडं, भिंती. शोधणारं कुणी असतं तर पाना सापडला असता. पण आकडा जुळल्यावर कोण शोधतंय!

तेराव्या दिवशी पान्याची बायको डेपोत आली. कडेवर वर्षाची पोर. टोटल चौकशीसाठी बाकावर बसला होता.

"भाऊजी, हे तुमच्या गाडीत नव्हते ना?"

"नाही वहिनी," टोटल म्हणाला. "गाडीत असते तर मला कळलं नसतं का?"

पहिलं वाक्य भीतीने निघालं होतं. पण ते दुसरं वाक्य आपण का जोडलं, हे त्याला आजतागायत कळलेलं नाही. ती मान हलवून गेली. चौकशीत मातीचा दोष निघाला, टोटल निर्दोष सुटला, आणि वर्षाच्या आत बस सोडून विमानतळावर गेला. तिथे प्रत्येक माणसाचं नाव लिहिलेलं असतं म्हणूनच गेला.

बुधवारी दुपारी त्याने कपाटातला डबा उघडला.

"ते सडकं रबर शेवटी टाकणार ना?" बायकोने विचारलं. तिने आजवर तीनदा ते केरात टाकलं होतं आणि तिन्ही वेळा याने केर उपसून परत आणलं होतं.

"ज्याचं त्याला द्यायला चाललोय," टोटल म्हणाला. बायकोने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. बाहेर जाताना त्याला शर्टाचं चुकीच्या काजात लागलेलं बटण तेवढं नीट करून दिलं.

टाइमकीपरकडून घेतलेल्या पत्त्यावर तिसरा मजला, बेचाळीस पायऱ्या. दार उघडंच होतं. खिडकीशी शिलाई मशीन, मशीनवर पांढऱ्या गणवेशांचा ढीग, आणि त्यामागे चष्मा नाकावर ओढलेली एक बारीक बाई. चौतीस वर्षांत केस पांढरे झाले होते, मानेची ताठ ठेवण तीच होती.

"कोण?"

"मी, वहिनी. बसमधला कंडक्टर."

तिने चष्म्यावरून पाहिलं. मशीन थांबवलं नाही. "टाइमकीपरने पाठवलं असेल. त्यांना सांगितलंय मी काय ते. बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय मोडलाय."

टोटलने जिन्यात काय काय जुळवून ठेवलं होतं. आधी आपली भीती सांगायची, मग परिस्थिती, मग हळूच मुद्द्यावर यायचं. तोंडातून बाहेर पडलं ते भलतंच.

"पाना माझ्या गाडीत होता."

मशीन थांबलं. ती हसली.

"छान. यादी पुरी व्हायला हवी, म्हणून माझ्या नवऱ्याला बुडवायला निघालात होय? कोणी शिकवून पाठवलं? विधवा म्हणून मिरवले की मला बरं वाटेल, असं ठरलं वाटतं तुमच्या संघटनेत?"

"वहिनी, खरं सांगतोय."

"माझी कीव करायला माझ्या घरी यायचं नाही. उठा."

टोटलने खिशातून कागदाची पुडी काढली, उलगडली आणि मशीनच्या पाटावर ठेवली. रबर आता दगडासारखं कडक झालं होतं. चीर तेवढी तशीच होती.

"नळाचा वायसर आहे," तो म्हणाला. "तुमच्या घरच्या. त्याच दिवशी सकाळी बदलला त्याने. पोरगी झोपत नव्हती ना त्या आवाजाने. तुम्ही म्हणाला होतात, नळ बंद झाल्याशिवाय तोंड दाखवू नका. हा तुमच्या हातावर ठेवायला निघाला होता. त्याच्या खिशाला भोक होतं, म्हणून माझ्याकडे दिला."

तिने हात पुढे केला आणि वायसरला न लावताच मागे घेतला.

"त्या भांडणाचं मी कुणाला सांगितलं नाही," ती हळूच म्हणाली. "आईलासुद्धा नाही. नळावरून घर सोडलं म्हणायची लाज वाटत होती."

मग टोटलने सगळं सांगितलं. वळणावरचं झाड, केबिन, वेबिल, शिट्टी, आकडा. काही गाळलं नाही. तासभर उजेड होता, हेही सांगितलं. ती मशीनच्या चाकावर हात ठेवून ऐकत होती.

"मी बाराव्या दिवशी परत आले," ती म्हणाली. "कुलूप उघडलं, आत गेले, तर आवाज नाही. नळ बंद. मला वाटलं, जाताना तेवढं काम उरकून गेला मेला. म्हणजे पुन्हा माझ्याशी बोलायची वेळ यायला नको. मी हातोडी घेऊन तो नळ फोडला, भाऊजी. घरभर पाणी झालं. मालकाने महिन्याभरात बाहेर काढलं आम्हाला." ती थांबली. "त्याच्यावर घर तीनदा बदललं. पत्ता कुणाकडे ठेवला नाही. आला शोधत तर सापडायला नको म्हणून."

टोटल मान खाली घालून बसला.

"आणखी एक कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी मी स्टँडवर होते. रोजच जात होते. आईला म्हणायचे औषध आणायला जाते, आणि साडेचारच्या गाडीसमोर जाऊन उभी राहायचे. त्या दिवशी गाडी आली नाही. मग बातमी आली. लोक रडत होते, धावत होते. मी घरी आले आणि मनात म्हटलं, बरं झालं बाई हे आले नाहीत. हट्टी आहेत म्हणून वाचले. दोन दिवस मी खूश होते. कळतंय का तुम्हाला? दोन दिवस मी पोरीला मांडीवर घेऊन खूश होते."

तिचा आवाज तिथे फुटला. टोटलही रडत होता, त्याचं त्यालाच उशिरा कळलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही म्हणालात, गाडीत असते तर मला कळलं नसतं का."

चौतीस वर्षांपूर्वीचं वाक्य, तिने शब्द न् शब्द तसंच परत दिलं.

"हो वहिनी."

"एकतीस म्हणाला असतात तर?"

"शोधलं असतं."

"जिवंत?"

"मला माहीत नाही. गाडी पडून दोन तास झाले होते. केबिनमध्ये हवा राहिली असती तर... मला खरंच माहीत नाही हो."

"आणि तासभर उजेड होता."

खालून रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. टोटलने हात जोडले. "मला माफ करा."

"ते मला जमायचं नाही," ती म्हणाली. रागाने नाही; गणवेश वेळेत होणार नाही असं सांगावं तशी. "मी त्या माणसाला चौतीस वर्षं शिव्या घातल्यात. उठताबसता. पोरीकडूनही घालून घेतल्यात. शाळेत बापाचं नाव लिहायची पाळी आली की ती रकाना मोकळा सोडायची, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. आधी त्याची माफी मी कुणाकडे मागू ते सांगा."

टोटल उठला. त्याला वाटलं, आता जावं.

"कुठे निघालात? बसा. ती सहाला कामावरून येते. तिला तुम्ही सांगायचं."

"वहिनी, माझ्याच्याने पुन्हा नाही होणार. तुम्हीच सांगा ना."

"मी? तिच्या बापाला पळपुटा मी म्हटलंय. आता मीच उलटं सांगायला लागले तर तिला वाटेल आईची बुद्धी फिरली. मला जसं सांगितलंत तसं, पहिल्यापासून. आकड्यासकट."

टोटल बसला. पावणेपाच वाजले होते. तिने चहा विचारला नाही. तिने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, तो ओवला गेला नाही, मग नाद सोडून खिडकीबाहेर बघत राहिली. वायसर दोघांच्या मधे पाटावर होता.

साडेपाचला टोटलचा फोन वाजला. टाइमकीपर.

"अरे, झाली का तुझी विमानाची गोष्ट? उद्या छापायला..."

"पान्याचं नाव यादीत घाल," टोटल म्हणाला.

"काय? ती तयार झाली?"

टोटलने तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेरच बघत होती, पण तिने मान हलवली.

"घाल. आणि पुढे तारीख लिहून घे." त्याने तारीख सांगितली.

पलीकडे पेनाचा आवाज आला, मग तोही थांबला. "ही तर तुझ्या गाडीची तारीख," टाइमकीपर म्हणाला. "आणि त्याचा बिल्ला तर मी स्वतः सहा वाजता..." तो मधेच थांबला. "मी फळी बघून लिहिलं रे," तो शेवटी म्हणाला. "माणूस बघून नाही लिहिलं."

"अठ्ठावन्न झाले," टोटल म्हणाला आणि फोन ठेवला.

सहाला पाच मिनिटं कमी असताना जिन्यात पावलं वाजली. पस्तिशीची बाई, खांद्याला पिशवी, कपाळावर घाम. दारातच थांबून तिने आधी आईचा चेहरा पाहिला, मग या म्हाताऱ्याचा, मग पाटावरचा तो काळा तुकडा.

"काय झालं? कोण हे?"

"तुझ्या बापाबरोबर होते," आई म्हणाली. "बस. ते सांगतायत ते ऐक. मधे बोलू नकोस."

ती मोडक्या पायाच्या खुर्चीकडे वळली, तेव्हा टोटलने उठून तिला आपली खुर्ची दिली. स्वतः उभाच राहिला, भिंतीला पाठ लावून. शिट्टी नसताना हाताचं काय करायचं ते त्याला समजेना.

"गाडीत एकतीस जण होते," तो म्हणाला.